रंगावरची क्लिप

धरणावरच्या पंपहाऊसची इंजिनिअर मृणाल घोसाळकर तिथं अगदी एकटी. दिवस दिवस बोलायला माणूस नाही. काय बोलायचं ते मोटरशीच. पाहणीला आलेल्या राजेशिर्केसाहेबांना ती म्हणाली, "साहेब, जोडीला कुणीतरी द्या."

"कशाला? तुमची कधी तक्रार नाही. म्हणजे सगळं झकास!"

साहेबांनी मोटरमधली विजेची गळती तपासायला मेगर घेतला. एक क्लिप तारेला, दुसरी मोटरच्या अंगाला लावून मूठ गरागरा फिरवली. काटा थेट अनंतावर गेला.

"थेंबभर गळती नाही. करा चालू!"

मृणालनं दुसरी क्लिप काढून टेबलावरच्या आपल्या जेवणाच्या डब्याला लावली. "आता फिरवा."

काटा पुन्हा अनंतावर.

"डबाही पास झाला, साहेब."

मग साहेब येणार म्हणून मोटरला फासलेला नवा रंग तिनं किल्लीनं खरवडला आणि उघड्या लोखंडाला क्लिप लावली. साहेबांनी पुन्हा मूठ फिरवली, तर काटा धपकन शून्यावर आला; म्हणजे सगळी गळतीच. चालू केली असती, तर मोटर जळालीच असती.

साहेबांनी मेगर खाली ठेवला.

"इथून फोनसुद्धा लागत नाही," मृणाल हळूच म्हणाली. "जोडलेलंच नाही, तर तक्रार येणार कुठून, साहेब?"