टाच म्हणे चल, लगाम म्हणे थांब

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळी घोडे बोलत असत आणि माणसं अधूनमधून ऐकतही असत.

एका डोंगराळ राज्यात सुभान नावाचा तरुण स्वार होता. त्याची चांदणी नावाची पांढरी घोडी होती. तिच्यावर बसला की ओढा काय, कुंपण काय, सगळं तो हसत ओलांडायचा. त्याची कीर्ती राजाच्या कानावर गेली आणि राजाने त्याला जासूद नेमलं. राजाचे निरोप घेऊन गावोगाव दौडायचं, हे जासुदाचं काम.

पण त्या राज्याची एक रीत होती. दर चौकीवर दमलेला घोडा ठेवायचा आणि ताजा घ्यायचा. मिळेल तो घ्यायचा, आवडनिवड चालायची नाही. चांदणी घरी राहिली, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

वाटेत एक घळ होती. दिसायला खोल, पण अरुंद. घोड्याने उडी मारली की नदीकाठचा रस्ता समोरच. नाहीतर पुलावरून लांबलचक वळसा. सुभान भरधाव घळीपर्यंत यायचा आणि ऐन काठावर घोडा गपकन थांबायचा. एकदा तर घोडा थांबला आणि सुभान एकटाच उडाला, तो थेट करवंदीच्या जाळीत. पुढे कितीतरी दिवस त्याची आई काटे काढत होती.

"घोडे भित्रे आहेत, नाईक," तो जासुदांच्या नाईकांना सांगायचा.

"सगळेच्या सगळे?" नाईक म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं! पुन्हा वळसा घालून उशीर केलास, तर पागोटं इथं ठेवायचं आणि घरची वाट धरायची."

एके दिवशी नाईक स्वतःच धावत चौकीवर आले. "सुभान, ऊठ! वरच्या तलावाचा बांध खचतोय. खाली नदीच्या पात्रात जत्रा भरलीय. पाणी यायच्या आत सगळ्यांना वर काढ. वळसा घालायला वेळ नाही."

पागेत एकच घोडा उरला होता, भोपळ्या. म्हातारा, गोल पोटाचा आणि महाकुरकुऱ्या. त्याला बघून सुभानने कपाळावर हात मारला, पण करतो काय! त्याने मांड टाकली, टाच मारली. धूळ उडवत दोघे घळीशी आले, आणि काठावर भोपळ्या थांबला.

सुभान रडकुंडीला आला. "अरे भित्र्या, लोक मरतील तिकडे! मार ना उडी!"

भोपळ्याने मान वळवली. "मी भित्रा? पोरा, तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून मी ही घळ ओलांडतोय. पण आज ऐकू कुणाचं? तुझी टाच म्हणते चल, आणि लगाम म्हणतो थांब."

"मी कुठे लगाम ओढला?"

"हाताकडे बघ."

सुभानने पाहिलं. मुठी आवळलेल्या होत्या आणि लगाम इतका ताणलेला होता, की भोपळ्याचा जबडा उघडा पडला होता.

"चांदणीवर असं होत नाही," तो पुटपुटला.

"कारण ती उडणार, हे तुला ठाऊक असतं. मला तर तू मनातल्या मनात केव्हाच घळीत पाडलंस."

"पण मी तुला ओळखत नाही रे!"

"मी तरी तुला कुठे ओळखतो? तरी पाठीवर घेतलंच ना!"

सुभानला लाज वाटली, आणि एवढ्या घाईतही हसू आलं. त्याने भोपळ्याला मागे नेलं आणि पुन्हा दौडवलं. भीती गेली नव्हती. घळ जवळ आली तशा मुठी आपोआप आवळायला लागल्या. तेव्हा त्याने लगाम सैल सोडून आयाळ धरली, नजर पलीकडच्या आंब्यावर लावली आणि ओरडला, "भोपळ्या, आता तुझ्यावर सोडलं!"

भोपळ्याने उडी घेतली. म्हातारा, ढेरपोट्या, पण काय उडाला! पलीकडे धप्पकन उतरला आणि कुरकुरत पुढे धावत सुटला.

सुभानने बांध खचल्याची खबर दिली आणि जत्रेत एकच धांदल उडाली. पोरं कडेवर आली, गुरं काठावर आली, हलवाई उकळत्या पाकाची कढई सोडून पळाला. मागोमाग पाणी आलं. पाळणे गेले, कढई गेली, पण माणूस एकही गेलं नाही.

लोकांनी सुभानला खांद्यावर घेतलं. तो म्हणाला, "मला खाली ठेवा आणि आधी याला काहीतरी खायला घाला. उडी याची आहे. मी फक्त आज पहिल्यांदा आडवा आलो नाही."

त्यानंतर सुभानला चौकीवर कुठलाही घोडा मिळो, तो घळ ओलांडून वेळेवर पोचायचा. करवंदीच्या जाळीत पुन्हा कधी कुणी पडलं नाही.

तात्पर्य : ज्याच्या पाठीवर बसून पलीकडे जायचं, त्याच्यावर आधी विश्वास टाकावा, लगाम आवळून कुणाकडूनही उडी मारून घेता येत नाही.