पुस्तकांची नाव आणि भिंगरीची आई

फार फार जुनी गोष्ट. नद्यांना अजून नावं पडायची होती आणि जनावरं माणसांशी दोन शब्द बोलायची, तेव्हाची.

एका नदीकाठच्या गावात घोंगडी विणणारी एक बाई राहायची. नवरा मेंढरं घेऊन लांबच्या रानात गेला, की बरेच महिने परत यायचा नाही. घरी ती, तिची एकुलती एक मुलगी, आणि चालवत नाही म्हणून मागे ठेवलेली एक म्हातारी मेंढी व चार कोकरं. मुलगी एका जागी कधी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

त्या राज्यात एक रीत होती. राजानं एक मोठी नाव पुस्तकांनी भरून नदीत सोडली होती. दर हंगामाला ती नाव गावोगाव फिरायची. ज्या घरात वाचायच्या वयाचं मूल असेल, त्या घरानं काठावर एक खुंट रोवायचा. नाव त्या खुंटाला दोर टाकून थांबायची. एक पुस्तक घ्यायचं, पुढच्या फेरीला परत द्यायचं. भाडं नाही, काही नाही. फक्त परत देताना मुलानं त्यातलं काहीतरी आपल्या शब्दांत सांगायचं. हसवलेलं सांगा, रडवलेलं सांगा, पण घोकलेलं नको. जे मूल काहीच सांगणार नाही, त्याच्या खुंटाला पुढच्या फेरीला दोर पडायचा नाही.

नावेवर पुस्तकं सांभाळणारी एक म्हातारी होती. ती म्हणायची, "पुस्तक एका घरात निजून राहिलं, म्हणजे दुसऱ्या घरातलं लेकरू उपाशी राहिलं."

भिंगरीची आई लहानपणी अशीच काठावर उभी राहायची. तिच्या बापानं तिला एकदा एक पुस्तक घेऊन दिलं होतं. एका करकोच्याची सावली हरवते आणि तो ती शोधायला निघतो, अशी ती गोष्ट. निम्मी वाचून झाली आणि तिचं लग्न ठरलं. हळदीच्या गडबडीत नाव आली आणि पुस्तक घेऊन गेली. करकोच्याला सावली सापडली का, ते राहूनच गेलं. आता ती एका मुलीची आई झाली होती, तरी नदीवरून करकोचा उडत गेला की तिची मान वर व्हायची.

म्हणून तिनं भिंगरीला चुलीतल्या राखेत अक्षरं काढून वाचायला शिकवलं. काठावर खुंट रोवला. तिला एकच आस होती. आपण मागावर बसावं, आणि लेकीनं शेजारी बसून मोठ्यानं वाचावं. वाचता वाचता हसावं.

नाव आली. भिंगरी उडी मारून आत गेली आणि एका पातळ, पुठ्ठा उडालेल्या पुस्तकावर तिनं हात ठेवला.

"ते नको," आई म्हणाली. "फाटकं आहे. आणि केवढंसं ते! दोन दिवसांत संपेल."

तिनं एकेक पुस्तक तळहातावर घेऊन तोललं. आयुष्यभर ती घोंगडीच तोलत आली होती. घोंगडं जितकं जड तितकं उबदार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकाचंही तसंच असणार, असं ती धरून चालली. तिनं सगळ्यात जड पुस्तक निवडलं. त्याचं नाव होतं 'राज्यकारभाराचे नियम'.

शेजारीण काठावरून बघत होती. ती म्हणाली, "बरं केलंस बाई. आमच्या बाळ्यानं नीतीचा अख्खा ग्रंथ फस्त केला. नाहीतर तुझी भिंगरी, सदा मेंढरांच्या शेपटीला! जन्मभर लेंड्या झाडायच्या का तिनं?"

ते बोलणं आईच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

घरी रोज संध्याकाळी ती भिंगरीला पुस्तकाशी बसवायची. "वाच गं. मोठ्यानं वाच." भिंगरी वाचायची. खाली मान घालून, रडवेल्या आवाजात, एकेक शब्द खडा वेचावा तसा. आधी ती कोकरांना जमवून स्वतःच्या मनानं गोष्टी सांगायची, कोल्ह्याचा आवाज काढायची. आता कोकरं दाराशी येऊन उभी राहायची आणि तशीच परत जायची.

फेरी पूर्ण करून नाव आली. म्हातारीनं विचारलं, "काय आवडलं गं, पोरी?"

भिंगरीनं बराच विचार केला. मग खरं तेच सांगितलं. "उशाला बरं आहे."

नावेवरचे सगळे खो खो हसले. म्हातारीही हसली. "चल, हेही एक काहीतरी झालं," ती म्हणाली. पण आई शरमेनं काळीठिक्कर पडली. भिंगरीचा हात पुन्हा त्या फाटक्या पुस्तकाकडे गेला होता. आईनं तो धरून बाजूला केला आणि उरलेल्यांतलं सगळ्यात जड पुस्तक उचललं.

पुढच्या फेरीला भिंगरी दिसेचना. ती वाळत घातलेल्या घोंगड्याआड लपून बसली होती. आईनं तिला ओढत काठावर आणलं. म्हातारीनं विचारलं, "काय आवडलं?"

भिंगरी पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिली. एक शब्द नाही.

"अगं सांग की! परवा तर म्हणून दाखवलंस!" आई म्हणाली.

"म्हणून दाखवलं असेल," म्हातारी हळूच म्हणाली, "पण मी आवडलेलं विचारलं." तिनं पुस्तक घेतलं आणि दोर सोडला. दुसरं पुस्तक काही दिलं नाही.

त्यानंतरच्या हंगामाला नाव आली, ती शेजारणीच्या खुंटाला थांबली, आणि भिंगरीच्या खुंटासमोरून तशीच पुढे निघाली. आईला वाटलं, पोरीला बरंच वाटेल, सुटली एकदाची. पण भिंगरी काठानं नावेच्या बरोबरीनं धावत सुटली. गावाची हद्द आली, काटेरी कुंपण आलं, तेव्हाच थांबली. नाव वळणाआड गेल्यावरही ती तिथंच उभी होती.

त्या संध्याकाळपासून घर मुकं झालं. शेजारच्या घरातून कुणी वाचल्याचा, कुणी हसल्याचा आवाज यायचा, की आईच्या हातातला धागा तिथंच थांबायचा. आपल्याही घरात असा आवाज हवा होता. त्यासाठीच तर सगळं केलं. मग कुठं चुकलं?

एक दिवस ती म्हाताऱ्या मेंढीला आणि कोकरांना घेऊन माळावर गेली. मेंढी चरता चरता म्हणाली, "का गं बाई, तुझा चेहरा असा दुष्काळ पडल्यासारखा?"

"लेकीला चांगलं तेच दिलं गं मी. सगळ्यात जड, सगळ्यात शहाणं. तरी ती तोंड फिरवते."

मेंढी फुरफुरली. "मला एक सांग. एवढी वर्षं तू मला चारायला आणतेस. कधी गवत उपटून माझ्या तोंडात कोंबलंस का?"

"छे! तुझं तुला कळतं की. हे बघ ना, ही काळतोंडी कोकरी नुसते शेंडे खाते, आणि तो पांढरा बुंध्याशीच लागलेला असतो."

"आणि दोघांच्याही अंगावर लोकर येते ना?"

आईनं दोन्ही कोकरांच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू आम्हाला कुरणापर्यंत आणतेस," मेंढी म्हणाली. "विषारी पाला दिसला की हुसकतेस. ते तुझं काम. पण घास आमचा आम्ही घेतो. तुझ्या पोरीला मात्र तू दावणीला बांधून कडबा घातलास. कडबा वाईट नसतो गं. पण कोकराला कुणी कडबा घालतं का?"

"शेजारीण काय म्हणेल?" आई पुटपुटली.

"तिला म्हणावं, तू ये माझ्या वाट्याचं चरायला," असं म्हणून मेंढी पुन्हा गवताला लागली.

पुढच्या हंगामाला लांबून नावेचं शीड दिसलं. नाव पुन्हा त्यांचा खुंट टाळून मधल्या धारेला लागली, तशी आई लुगड्यासकट पाण्यात उतरली. कंबरभर पाण्यात उभी राहून तिनं हाक मारली, "आजी, खुंट आहे इथं!"

"खुंट आहे," म्हातारी नावेतून म्हणाली. "वाचणारं कुणी आहे का?"

"आहे! आजवर मीच आड आले. आता पुस्तक ती निवडेल. एवढी एक फेरी द्या."

म्हातारीनं आधी तिच्याकडे, मग काठावरच्या भिंगरीकडे बघितलं. मग दोर टाकला.

भिंगरी नावेत चढली, पण या वेळी उडी मारून नाही. दबकत, आईकडे बघत. फाटकं पुस्तक अजून तिथंच होतं. तिनं त्यावर नुसतं बोट ठेवलं. आईचा हात सवयीनं पुढे झाला, वजन बघायला. तिनं तो मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले.

"घे," ती म्हणाली.

त्या पुस्तकात एका गोगलगायीची गोष्ट होती. पाठीवर घर वाहून ती कंटाळते आणि ते भाड्यानं द्यायला निघते. मुंगळा बायकापोरांसकट घर बघायला येतो आणि म्हणतो, "घर झकास आहे, पण हलतं फार!" इथपर्यंत आल्यावर भिंगरी अशी हसली, की तिला पुढचं वाचवेना. कोकरं धावत आली. आई मागावर होती. तिनं आडवा धागा ओवायचा धोटा बाजूला ठेवला, आणि पदर डोळ्यांना लावला. पुस्तक दोन दिवसांत संपलं. मग भिंगरीनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि पुन्हा.

परत द्यायच्या दिवशी ती इतकं सांगत सुटली, की नावेला निघायला उशीर झाला. म्हातारीनं तिच्यापुढं पुस्तकांची अख्खी रांग मोकळी केली. निघता निघता आईनं भीत भीत विचारलं, "आजी, एका करकोच्याचं पुस्तक होतं. सावली हरवलेल्या. ते आहे का हो?"

"ते संपलं गं," म्हातारी म्हणाली. "मुलांनी वाचून वाचून त्याचा भुगा केला. पुस्तकाला याहून चांगलं मरण नाही."

नाव गेली. आई काठावर खुंटाला टेकून बसली. भिंगरी जवळ आली. "कुठलं पुस्तक गं, आई?"

आईनं तिला निम्मी गोष्ट सांगितली. जेवढी ठाऊक होती तेवढी. "मग पुढं काय झालं, ते मला नाही माहीत," ती म्हणाली.

भिंगरी आईच्या अंगावरच्या घोंगड्याला टेकून बसली. मग म्हणाली, "पुढचं मी सांगते. सावली कुठं गेलीच नव्हती. तो फार उंच उडत होता ना, म्हणून त्याला दिसत नव्हती. शोधून शोधून तो दमला, खाली उतरला. पाय टेकवले, आणि बघतो तर सावली पायाशीच!"

आईनं लेकीला घोंगड्यात ओढून घेतलं.

खऱ्या पुस्तकात शेवट काय होता, ते तिला कधीच कळलं नाही. पुढेही नदीवरून करकोचा गेला, की तिची मान वर व्हायची. पण आता ती तेवढ्यावर थांबायची नाही. शेजारी गवतात पालथी पडून वाचत असलेल्या भिंगरीकडेही बघायची.

तर लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: लेकराला कुरणापर्यंत न्यावं, पण घास त्याचा त्याला निवडू द्यावा, कारण आवडीनं खाल्लेलंच अंगी लागतं.