पाकोळीला जिंकताना कोणी पाहिलं?

“तुझी घोडी पुढे गेलेली मला दिसली नाही. म्हणजे ती गेलीच नाही,” महाराज म्हणाले. पागेच्या नोकराने म्हाळू धनगराच्या हातातला लगाम काढून घेतला.

करंजगडच्या दसऱ्याच्या शर्यतीची अट जुनी होती. जो हरेल त्याचा घोडा जिंकणाऱ्याच्या दावणीला जायचा. महाराजांचा गुलाल उंच, देखणा, तुपावर वाढलेला घोडा. म्हाळूची पाकोळी एरवी पाठीवर बिऱ्हाड घेऊन मेंढरांमागे चालायची. आज तिच्यावर म्हाळूची मुलगी भागू बसली होती, आणि शेवटच्या वळणानंतर पाकोळीने गुलालला मागे टाकलं होतं. हे भागूला पक्कं ठाऊक होतं. इथे कुणी ते तोंडातून काढणार नाही, हेही तिला तितकंच ठाऊक होतं. मानकऱ्यांनी सवयीने “गुलाल जिंकला” असा गलका केला होता आणि आता सगळे आपापल्या पायांतल्या जोड्यांकडे बघत उभे होते.

“सरकार, पुढे मी होते,” भागू म्हणाली.

“तू तसं म्हणणारच. साक्षीदार आण.”

“कसा पाहिजे?”

महाराजांना गंमत वाटली. “शर्यत संपते त्या निशाणाच्या काठीपाशी माझ्याइतका जवळ असलेला. तुमच्या नात्यागोत्यातला नको. आणि मला न भिणारा हवा. मी तोंड धुतो तोवर आण, नाहीतर घोडी पागेत.”

“असा माणूस या राज्यात निघायचा नाही,” दिवाणजी डोळे चोळत पुटपुटले. धुळीने त्यांचे डोळे लालबुंद होऊन पाझरत होते. वारा काठीकडून आला होता आणि तिथे बसलेला प्रत्येक जण पायापासून पागोट्यापर्यंत तांबडा झाला होता.

भागू बापाकडे वळली. शर्यत चालू असताना म्हाळूही त्या काठीलाच टेकून उभा होता.

“आबा, तू तर पाहिलंस ना?”

“पाहिलं की.”

“काय पाहिलंस?”

“वळणापतुर सगळं पाहिलं,” म्हाळू खाली बघत म्हणाला. “म्होरं नाही बघवलं गं पोरी. पाकोळी गेली तर बिऱ्हाड कशावर लादायचं? डोळं गच्च मिटलं नि बिरोबाचं नाव घेतलं.”

भागूने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. सगळा चेहरा तांबडा, पण डोळ्यांच्या कडांना बारीक, स्वच्छ रेघा. जणू कुणी काडीने ओढलेल्या. मग तिने महाराजांकडे पाहिलं. नोकराने घंगाळ पुढे केलं होतं आणि महाराजांनी त्यात हात बुडवला होता.

“सरकार, तोंड धुऊ नका,” भागू म्हणाली. “साक्षीदार वाहून जाईल.”

महाराजांचा हात पाण्यातच राहिला. “म्हणजे?”

“सांगते. आधी शर्यत कशी झाली ते सरकारांच्या तोंडून ऐकू द्या. आम्ही घोड्यावर असतो, आम्हाला काय दिसतं?”

शर्यतीचं नाव काढलं की महाराजांना दम निघत नसे. ते उठून उभेच राहिले. “अगं, काय सांगू तुला! सुटतानाच गुलालने उसळी घेतली. चिंचेपाशी तुझी घोडी चार हात मागे. ओढ्यात तू तिला पाण्यातून न घालता कडेच्या खडकावरून काढलीस, तेव्हाच मी दिवाणजींना म्हटलं, पोरगी जाणकार आहे. वळणाला दोघं अगदी कानाला कान!”

“मग?”

“मग गुलाल जिंकला.”

“कसा?”

“कसा म्हणजे? सगळे ओरडले की.”

“आणि मागच्या दसऱ्याला?”

“ती तर जन्मात विसरणार नाही. भुऱ्या घोड्याचं खोगीर घसरलं, स्वार आयाळीला लोंबकळतोय, तरी घोडा थांबेना. तसाच वळणापर्यंत आला बघ.”

“आणि पुढे?”

“पुढे तोच जिंकला म्हणे.”

“म्हणे?” भागूने विचारलं.

दिवाणजींना खोकल्याची उबळ आली.

“आता कुणीतरी आरसा आणा,” भागू म्हणाली. “सरकार, दिवाणजींचे डोळे बघा, लाल झालेत. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं म्हणून डोळ्यांत धूळ गेली. माझ्या बापाचे बघा, पांढरे स्वच्छ, आणि बाजूला या रेघा. डोळे गच्च मिटले की कातडीला घड्या पडतात, त्यांच्यात धूळ शिरत नाही. आता आरशात बघा. हा साक्षीदार काठीपासून तुमच्याइतकाच जवळ होता. आमच्या नात्यातला नाही. आणि तुम्हाला भीत असता, तर असा तुमच्याच तोंडावर बसला नसता.”

महाराजांनी आरशात पाहिलं. डाव्या डोळ्याला रेघा, उजव्या डोळ्याला रेघा. त्यांनी म्हाळूकडे पाहिलं. म्हाळूने त्यांच्याकडे पाहिलं. दोन चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे.

“तुम्हीही मिटता?” म्हाळूच्या तोंडून निघून गेलं.

“मिटतो रे बाबा. वळण आलं की पुढचं बघवत नाही,” महाराज म्हणाले, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की मांडवाचा खांब धरावा लागला. “आजवर एक शर्यत शेवटपर्यंत पाहिली असेल तर शपथ! दिवाणजी, कोण जिंकलं?”

“पाकोळी, सरकार,” दिवाणजी चटकन म्हणाले. “चांगली मानभर पुढे होती.”

“घोडी सोडा. अटीप्रमाणे गुलालही यांच्या हाती द्या. आणि भागू, तुला आणखी एक मान. पुढच्या दसऱ्यापासून तू माझ्या शेजारी गादीवर बसायचंस. वळणानंतर काय झालं ते मला सांगत राहायचंस. खरं तेच.”

“बसेन की. पण मग पाकोळीवर कोण बसणार?”

“तुझा बाप.”

म्हाळूच्या हातातून नुकताच मिळालेला लगाम सुटला. “मी? डोळं मिटून?”

“घोडीचे उघडे असतात, आबा,” भागू म्हणाली.

महाराज इतके हसले की या खेपेला त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहू लागलं, आणि त्या रेघा त्यांच्या हसण्यानेच पुसून गेल्या.