जमिनीला पाय न लावणारा हरियाल

मुलांनो, जंगलातली ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. उंबर पिकला होता आणि त्याच्या शेंड्यावर एक हरियाल कोवळे ऊन अंगावर घेत बसला होता. हरियाल म्हणजे रानातले हिरवे कबुतर. राखाडी डोके, खांद्यावर जांभळट डाग, हळदीसारखे पिवळे पाय. पण पानांत निश्चल बसला की शोधूनही सापडायचा नाही. एवढ्यात खार खोडावरून वर आली. एरवी ती चढता चढताच बडबड सुरू करी. आज आधी शेजारी बसली, मग म्हणाली, "दादा, तुमचा होला गेला. पहाटे मुंगूस आलं होतं."

होलाही कबुतराच्याच कुळातला, पण तपकिरी आणि जमिनीवर दाणे टिपणारा. कितीतरी वर्षे रोज सकाळी तो उडून शेंड्यावर येई आणि हरियालाशेजारी बसे. "गड्या, तू उंबरं खातोस की फेकतोस? काल डोकं फुटता फुटता वाचलं माझं!"

"मग खाली कशाला हिंडतोस? आम्ही हरियाल जमिनीला पाय लावत नाही."

"नको लावूस बाबा. झिजतील!" असे म्हणून होला हसे, आणि हरियालही शीळ घातल्यासारखा हसे.

पुढे होल्याचा एक पंख दुखावला. त्याला वर उडता येईना. त्याने खारीकडून निरोप धाडला, "इतकी वर्षं मीच येत होतो. आता एकदा तू खाली ये." हरियाल सगळ्यांत खालच्या फांदीपर्यंत उतरलाही. तेवढ्यात वरून हरियालांच्या थव्यातले कोणीतरी ओरडले, "जपून रे, पायांना माती लागेल!" सगळे हसले. हरियाल तिथूनच म्हणाला, "पंख बरा झाला की तूच ये. तुझी जागा ठेवतो."

"बरं," होला म्हणाला.

त्या सकाळी खारीचे बोलणे ऐकून हरियाल उडाला आणि जन्मात प्रथमच जमिनीवर उतरला. झुडपापाशी चार तपकिरी पिसे पडली होती. फांदी धरायची सवय असलेले त्याचे पाय वाळक्या पानांवर अडखळत होते. थव्यातले कोणीही हसले नाही. बऱ्याच वेळाने तो पुन्हा वर गेला. होल्याशेजारी खाली बसायचे राहून गेले.

तात्पर्य : जो नेहमी आपल्याकडे येतो, त्याला येणे जमेनासे झाले की आपण जावे. रीत नंतरही पाळता येते.