अर्धी टोपली

फार पूर्वी डोंगरउतारावरच्या एका शाळेला पितळी कुलूप होतं. शाळा सुटली की ते घट्ट मिटे. आतली विद्या बाहेर सांडेल, अशी त्याला धास्ती.

एकदा दिवेलागणीला कुंभाराचं चाक आणि बुरुडाचा कोयता पायरीवर येऊन बसले.

"कुलूपदादा, आम्हालाही पोरांना काही दाखवायचंय," चाक म्हणालं.

"शाळा सुटली."

आतून फळा हळूच बोलला, "दादा, माझ्यावर रोज माठाचं चित्र काढतात. माठ घडताना मी कधी पाहिला नाही."

 चांदणं पडलं, तसं कुलूप अलगद उघडलं. चाक आणि कोयत्यामागोमाग अंगणात खेळणारी पोरं आत धावली.

सकाळी त्याने सगळं न्याहाळलं. गेलं काहीच नव्हतं. खिडकीत ओला माठ होता, शेजारी अर्धीच विणलेली टोपली. पोरांनी ती मुद्दाम अर्धी ठेवली होती.

कुलूप दिवसभर संध्याकाळची वाट पाहत राहिलं.