नमस्काराला नमस्कार

“बुवा, आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, यात माझं चुकलं कुठे?”

यशोधन मठाच्या ओसरीवर उभा राहून विचारत होता. दाजीबुवा गवार निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

यशोधन पंपांच्या कंपनीत बडा हुद्देदार. चार दिवस शांत राहावं म्हणून रजा काढून मठात आलेला. निघण्यापूर्वी त्यानं आपल्या ईमेलला स्वतःच नियम घालून दिला होता: कोणाचाही मेल येवो, लगेच उत्तर जावं, ‘आभारी आहे. मी रजेवर आहे.’ हाताखालच्या कोणाला विचारलंसुद्धा नाही. ‘आपल्याला काय येत नाही?’ हा त्याचा जुना आजार.

नेमका कंपनीचा मोठा विक्रेताही रजेवर गेला आणि त्यानंही हाच नियम लावला. याच्या उत्तराला त्याचं उत्तर, त्याच्या उत्तराला याचं. मालक दोघेही घरी नाहीत आणि सकाळपासून त्यांच्या मेलच्या पेट्या एकमेकींचे आभार मानत सुटलेल्या! यशोधनची पेटी तुडुंब भरली, कामाचे मेल दारातूनच परत जाऊ लागले. शेवटी साहेबांचा फोन आला. संध्याकाळपर्यंत निस्तर, नाहीतर रजा रद्द.

“काढून टाक तो नियम,” बुवा म्हणाले.

“काढला होता. मग उत्तर नाही म्हणून गिऱ्हाइकं ओरडली. परत लावला, तर परत तेच.”

बुवांनी आणखी एक शेंग मोडली.

“आणि त्या विक्रेत्याला वगळलं तर तो रुसेल.”

बुवांनी गवार बाजूला ठेवली. उठले. आणि यशोधनला हात जोडून नमस्कार केला.

यशोधन गडबडला. एवढा वडीलधारा माणूस! त्यानं घाईघाईनं हात जोडले आणि त्यांच्याहून खाली वाकला.

बुवांनी पुन्हा केला.

त्यानंही पुन्हा केला.

पुन्हा...

खिशातला फोन गवारीत पडला. कंबर भरून आली. पण बुवांचा नमस्कार तसाच कसा सोडायचा?

“बुवा, पुरे करा ना!”

“मी केव्हाचा थांबायला बघतोय. तू थांबू देशील तर ना.”

“पण नमस्कार तर तुम्ही करताय...”

“छे रे. मी एकच केला. बाकीची सगळी उत्तरं.”

यशोधनचे हात जोडलेले तसेच राहिले.

मग तो मटकन खाली बसला. गवारीतून फोन काढला, पेटीतला गाळ उपसला आणि नियम सुधारला. एका माणसाला एकदाच उत्तर. आणि आपोआप आलेल्या उत्तराला उत्तर नाही.

फोन थरथरला. गिऱ्हाइकाचा मेल. त्याला उत्तर गेलं.

पुन्हा थरथरला. विक्रेत्याचे आभार आले...

इकडून काहीच गेलं नाही. तिकडूनही मग काही आलं नाही.

“सुटलो!” यशोधन मोठ्यानं म्हणाला. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. आता रजा मोडून परत जावं लागणार नव्हतं. त्याला एकट्यालाच हसू येत राहिलं.

भरल्या मनानं तो उठला आणि बुवांना वाकून नमस्कार केला.

बुवा गवारीच्या शिरा काढत होते.

तो तसाच वाकून राहिला. बराच वेळ.

“बुवा... मी नमस्कार केला.”

“पोचला.”