सावलीच्या मापाची खिडकी

एका राज्यात एक दरबार होता, आणि त्या दरबारात दिलेला निकाल उंबरठ्यापलीकडे टिकत नसे. राजा वज्रसेन निवाडा सांगे, कारकून तो लिहून घेई, फिर्यादी मुजरा करून निघे. त्याने उंबरठा ओलांडला रे ओलांडला, की राजासकट सारे जण निकाल विसरत आणि कारकुनाचा कागद कोरा होई. मग तेच भांडण पुन्हा आत येई. एका बांधाचा तंटा असा बारा वर्षे चालला होता, आणि भांडणारे दोघे शेतकरी आता काठी टेकत दरबारात येत.

हा शाप धूम्रकेश मांत्रिकाचा. दरबाराच्या पूर्वेची मोठी खिडकी राजाने रंगीत काचचित्रासाठी मोकळी ठेवली होती. तिच्यातून ऊन आत येत नसे, चौकटीपाशीच थांबे. मांत्रिक सांगून गेला होता, ‘या खिडकीला हवी ती काच बसेल, तेव्हा शाप फिटेल. नको ती बसवील तो स्वतःच काच होईल.’ एकामागून एक चार काचारी आले, चौघांनी काचचित्रे बसवली, आणि चौघेही दरबारात काचेचे होऊन उभे राहिले. त्यांतला शेवटचा भिवा काचारी. तो घरून निघाला तेव्हा त्याची सगुणा आठ वर्षांची होती.

आता सगुणा एकोणीस वर्षांची झाली होती. बापाच्या भट्टीवर ती काच ओतायला शिकली, जोडायला शिकली, आणि हात बसला अशी खात्री पटताच कोणी बोलावण्याची वाट न पाहता दरबारात आली. काचेचा भिवा खिडकीकडे तोंड करून उभा होता. तिने त्याच्या पावलांवरची धूळ पदराने पुसली. रडू फार आले, पण रडायला ती आली नव्हती.

“काम घेशील?” राजाने विचारले.

“घेईन, महाराज. मजुरी म्हणून माझा बाप नेईन.”

राजाने चित्र पुढे केले. त्यात राजा हत्तीवर बसला होता आणि मांत्रिक हत्तीच्या पायाखाली होता.

“त्या चौघांना हेच चित्र दिले होते?”

“हेच.”

“खिडकीने चार वेळा नको म्हटले, महाराज. पाचव्यांदा विचारून ती हो म्हणेल, असे तुम्हाला का वाटते?”

प्रधानाने डोळे मिटून घेतले. राजाचा चेहरा लाल झाला, पण बारा वर्षांत त्याला असे सरळ कोणी बोलले नव्हते, आणि त्याला पुढचे ऐकावेसे वाटले. “मग तुला काय हवे?”

“आधी माप हवे.”

काचाऱ्यांच्या घरात एक रीत होती. ज्या घराला काच बसवायची, तिथे दिवसभर बसायचे आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी निरनिराळ्या दोरीने माप घ्यायचे. लाकूड फुगते, दगड तापतो, ऊन जागा बदलते. एका मापावर काच कापणारा काचारी नव्हे, असे भिवाच म्हणत असे. पण राजाचे बोलावणे तातडीचे होते, शिपाई दाराशी खोळंबले होते, आणि चौघांनीही एकदाच माप घेऊन काम उरकले होते. भिवानेसुद्धा.

सगुणेने तिन्ही दोऱ्यांना गाठी मारल्या आणि त्या राजापुढे ठेवल्या. सकाळची नऊ हात, दुपारची चार हात, संध्याकाळची पुन्हा नऊ.

“खिडकी लहानमोठी होते?” राजा उठून उभा राहिला.

“होते. आणि दिवसातून अशी लहानमोठी होते ती सावली. महाराज, इथे कोणाची सावली पडत होती?”

राजाने नजर वळवली. “एक फणस होता,” तो म्हणाला. “वठलेला.”

सगुणेने आणखी विचारले नाही. माणूस खोटे बोलताना कुठे पाहतो, हे तिला भट्टीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांनी शिकवले होते. ती वाळू आणायला नदीवर गेली.

नदीच्या वाळवंटात टिटवीने अंडी घातली होती. सगुणा दिसताच ती कर्कश ओरडली, “पाय उचल, बये! वाळू कशाला हवी?”

“दरबारातल्या खिडकीला काच करायची आहे.”

“फणसाच्या जागेवरचा तो दरबार? मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या अंड्यांवर सावली धर. मला तीन दिवस पाणी प्यायला जाता आलेले नाही.”

सगुणा दिवसभर उन्हात उभी राहिली. टिटवी पाणी पिऊन, अंग भिजवून, अगदी सावकाश परत आली. “ने वाळू,” ती म्हणाली. “आणि ऐक. मांत्रिकाने लावलेला तो फणस वठलेला नव्हता. फळांनी लगडलेला होता. गावचे तंटे त्याच्याखाली बसून मिटत. राजाने तो तोडला आणि त्याचे सिंहासन केले. त्या झाडाचीच काच त्या खिडकीला चालेल. वाळू माझी, विस्तव मांत्रिकाचा, राख सिंहासनाची.”

धूम्रकेश डोंगरातल्या गुहेत पाठ करून बसला होता. त्याच्यापुढे बारा वर्षे न विझलेला जाळ होता.

“काय हवे, पोरी?”

“विस्तव. खिडकीत तुमचा फणस लावायचा आहे.”

मांत्रिक वळला. “बी पेरले तेव्हापासून शंभर वर्षे मी त्याला ओंजळीने पाणी घातले. राजा त्याला खिडकीत जागा देईल? त्याने कबूल केले?”

“करील,” सगुणा म्हणाली.

इथे तिचे चुकले. गिऱ्हाइकाने चित्रावर हळदीचे बोट उमटवल्याशिवाय त्याच्या वतीने शब्द द्यायचा नाही, हीसुद्धा घरचीच रीत होती. पण बाप डोळ्यांपुढे उभा होता, आणि शब्द तोंडातून गेला.

मांत्रिकाने एक निखारा तिच्या उजव्या तळहातावर ठेवला. “शब्द खरा असेल तोवर हा गार राहील. खोटा ठरला तर हात जाईल.”

गार निखारा मुठीत घेऊन ती दरबारात आली. डाव्या हाताने तिने फरशीवर कोळशाने फणस काढला, शेजारी हळदीची वाटी ठेवली आणि काय काय लागेल ते सांगितले.

“सिंहासन जाळू?” राजा गरजला. “मग मी बसू कुठे?”

“जमिनीवर, महाराज. आम्ही सगळे बसतोच.”

“नाही! ते होणे नाही!”

निखारा फुलला. तळहात चरचरला, धूर निघाला. सगुणेने मूठ उघडली नाही. “मी तुमच्या वतीने शब्द दिला,” ती दात आवळून म्हणाली. “ती माझी आगळीक, हात माझाच जाईल. पण झाड वठलेले नव्हते, महाराज. ते तुम्हालाही ठाऊक आहे.”

राजाने तिच्या मुठीकडे पाहिले, मग काचेच्या चार माणसांकडे. आपल्या एका खोट्यापायी एकेक करून गेलेली ही माणसे तो इतकी वर्षे डोळ्यांपुढे पाहत आला होता, आणि आज पहिल्यांदा त्याला त्याची लाज वाटली. तो सिंहासनावरून उतरला. “फणस हिरवागार होता,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. “मला सिंहासन हवे होते म्हणून मी तो तोडला.” आणि त्याने हळदीत बोट बुडवून चित्रावर टेकवले. निखारा गार झाला.

हाताला गार, पण लाकडाला टेकताच फुललेल्या त्याच निखाऱ्याने सिंहासन जाळले, त्याच विस्तवाची भट्टी पेटली. नदीच्या वाळूची काच मुळातच हिरवट, तिची पाने झाली. फणसाच्या राखेने काचेला सोनेरी रंग चढला, त्याची फळे झाली. मग सगुणेने सारी काच राखेत पुरून तीन दिवस निवत ठेवली. पहिल्याच दिवशी राजाने तीनदा माणूस पाठवला. “काच घाईला भीक घालत नाही,” तिने तिन्ही वेळा तेच उत्तर दिले. चौथ्या दिवशी तिने पानाला पान शिशाच्या पट्टीने जोडले आणि भर दुपारी, सावली सर्वांत आखूड असताना, चार हातांचे काचचित्र खिडकीत बसवले.

आता वाट पाहायची होती. सूर्य कलला. बाहेर खांबांच्या सावल्या लांबू लागल्या. खिडकी वाढली असती तर काच निसटली असती आणि सगुणा पाचवी झाली असती. ती जागची हलली नाही. माप आपले आहे, हे तिला ठाऊक होते.

खिडकी चार हातच राहिली. चौकटीशी बारा वर्षे थांबलेले ऊन एकदम आत आले आणि साऱ्या फरशीवर हिरवी पाने पसरली. राजा त्यांच्यात घोंगडीवर बसला आणि त्याने बांधाचा निवाडा सांगितला. दोघे म्हातारे उंबरठा ओलांडून गेले, तसेच धावत मागे आले. “आठवतोय! आठवतोय!” ते ओरडले, आणि आनंदाच्या भरात एकमेकांच्या गळ्यात पडले.

काचेची चारही माणसे हलली. भिवाने आधी खिडकी नीट पाहिली आणि मग मान वळवून शेजारच्या तरुण बाईकडे पाहिले.

“बाई, हे काम कोणाचे?”

“माझे,” सगुणा म्हणाली.

“सांधे झकास बसलेत.” मग तो चाचरत म्हणाला, “एक उपकार करा. माझ्या घरी निरोप धाडा. आठ वर्षांची पोर आहे, सगुणा नावाची. मी नसलो की भट्टीजवळ जाते, हात भाजून घेईल. म्हणावे, आबा निघाला.”

सगुणेने उजवा तळहात त्याच्यापुढे धरला.

“भाजलाय, आबा,” ती म्हणाली. “पण शिकले.”

भिवाने तो हात दोन्ही हातांत घेतला. आधी हाताकडे पाहिले, मग तोंडाकडे, आणि भर दरबारात तो मोठ्याने रडला.

लेकीला बाप मिळाला, राज्याला न्याय मिळाला. ऐकणाऱ्यांच्या घरी सकाळचे ऊन येवो.